सेसिल ब्रॅमलीचा फिरता मंच

मित्रांनो, नाव माझं फिरता मंच, आणि फिरायचं माझं केव्हाच बंद झालं. कडेने जाड बोल्ट ठोकून त्यांनी मला जमिनीशी जखडून टाकलं आहे. माझ्या अंगावर आता काचेची एक पेटी असते. तिच्यात रंगीत चेंडू उडतात, चकचकीत कोट घातलेला एक माणूस आकडे ओरडतो, आणि समोर बसलेल्या बायका माना खाली घालून कागदावर खुणा करतात. याला बिंगो म्हणतात. जी जिंकते ती किंचाळते, बाकीच्या तिला मनातल्या मनात शिव्या देतात. एवढंच इथलं संगीत.

म्हातारपणी सगळेच आपली गोष्ट सांगतात, आणि गोड करून सांगतात. माझ्याजवळ गोड फारसं नाही. ज्याला गोड हवं त्याने दुसरीकडे जावं.

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये गालिच्यांच्या गिरणीमागे 'एल्डोराडो' नावाचं नृत्यगृह बांधलं, तेव्हा माझा जन्म झाला. माझी चाकं गिरणीच्याच लोहारांनी घडवली. मी थाळीसारखा गोल, आणि माझ्या मधोमध एक आडवी लाकडी भिंत. भिंतीच्या पुढे एक वाद्यवृंद बसायचा, मागे दुसरा. पुढची बाजू नाचणाऱ्यांसमोर. तिथे लाल मखमल, सोनेरी गोंडे, दिव्यांच्या माळा. मागची बाजू विटांच्या भिंतीकडे तोंड करून. तिथे एक पिवळा बल्ब, चहाची किटली आणि ओल्या कोटांचा वास. कळ ओढली की मी सावकाश फिरायचो. पुढचे मागे जायचे, मागचे पुढे यायचे. तुम्हाला शाळेत सांगतात की जे समोर दिसतं ते बघा. मी दोन्ही बाजू अंगावर वागवल्या आहेत, आणि सांगतो, माणसं कळतात ती मागच्या बाजूला.

मला बनवलं होतं एकाच कामासाठी. नाच थांबू नये म्हणून. पहिला वृंद दमला की तो एक ठरलेली धून धरायचा. मी फिरायला लागलो की भिंतीमागचा दुसरा वृंद तीच धून, तीच लय, त्याच पट्टीत उचलायचा. अर्ध्या वाटेवर दोन्ही वृंद सभागृहाला आडवे यायचे, तेव्हा क्षणभर दोघेही वाजवत असायचे. मग पहिला हळूहळू विरून जायचा. खाली नाचणाऱ्या जोडप्यांना पत्ताही लागत नसे.

ही अदलाबदल बऱ्याच नृत्यगृहांत व्हायची, पण कशीबशी. पट्टी हलायची, लय अडखळायची, लोक हसायचे. ती निर्दोष केली सेसिल ब्रॅमलीने.

सेसिल लढाई संपल्यावर आला. लढाईत तो हवाई दलाच्या वृंदात ट्रम्पेट वाजवायचा. बुटका, मोठ्या कानांचा, केस तेलाने चप्प बसवलेले. बाप त्याच गिरणीत माग दुरुस्त करणारा. गिरणीत पाळी बदलायची तेव्हा माग बंद होत नसत. घरी निघालेल्या विणकरणीच्या हातून येणारी विणकरीण चालता माग ताब्यात घ्यायची. ज्याच्या हातून माग थांबला त्याला मुकादम सगळ्यांसमोर सोलून काढायचा. सेसिलने लहानपणी बापाला अशी बोलणी खाताना पाहिलं होतं. ती भीती त्याच्या हाडात शिरली आणि तिलाच तो पुढे कला म्हणायला लागला.

"नाचणारीचा पाय हवेत आहे," तो वादकांना सांगायचा. "तो खाली टेकेल तेव्हा ठेका तिथे हजर पाहिजे. कुणी वाजवला याच्याशी तिला काय करायचंय?"

"मला करायचंय ना," विली स्ट्रिंगर म्हणायचा. हा त्याचा ट्रॉम्बोनवाला, शाळेपासूनचा मित्र, अंगाने पोत्यासारखा. "मी फुंकून फुंकून निळा पडतो, आणि तिला कळूही नये म्हणतोस?"

"कळलं की आपण चुकलो, लेका."

"मग मी घरीच बसतो की. तेही कुणाला कळणार नाही."

सगळे हसले होते. मीही हसलो असतो, मला तोंड असतं तर.

मग चांगली वर्षं आली. शनिवारी संध्याकाळी टेकडीवरून खालपर्यंत रांग लागायची. गिरणीतल्या पोरी केसांतली लोकर झटकत यायच्या, नाचाचे बूट कागदी पिशवीत, तोंडाला चिप्सच्या व्हिनेगरचा वास. सेसिल छडी उचलायचा आणि खालची लाकडी जमीन श्वास घेतल्यासारखी हलायची. मेव्हिस हॉयल गायची. ती दिवसा दुकानात मोजे विकायची आणि संध्याकाळी हिरव्या झग्यात अशी उभी राहायची की तिच्याकडून मोजे घेतलेले पुरुष तिला ओळखायचे नाहीत. रेडिओवाले एकदा तारा घेऊन आले आणि सेसिलचं संगीत साऱ्या देशाने ऐकलं. गावच्या वर्तमानपत्राने लिहिलं, 'एल्डोराडोत संगीत कधी हातपालट करतं ते देवालाही कळत नाही.' त्या दिवशी सेसिलने सगळ्यांना डुकराचं मांस भरलेल्या कचोऱ्या खाऊ घातल्या. त्याच्या लेखी याहून मोठी शाबासकी नव्हती.

लंडनच्या एका हॉटेलाचा माणूसही येऊन गेला. फर कॉलरचा कोट, बोटात जाड अंगठी. म्हणाला, "ब्रॅमली, तुमचं नाव दिव्यांनी लिहू. पण वादक आमचे. तुमचे हे गिरणीवाले इथेच राहू द्या."

सेसिल म्हणाला, "नाही जमायचं, साहेब. विलीला दुसरं कोण ठेवून घेईल?"

"ऐकलं मी ते!" भिंतीमागून विली ओरडला.

सेसिल राहिला. लोक त्याला निष्ठा म्हणाले. मी म्हणतो, निष्ठेला या जगात कुणी साधी खुर्चीसुद्धा देत नाही. पण ते पुढे.

मित्रांनो, वाईट दिवस कधी आले ते मला वजनावरून कळलं. आधी दोन व्हायोलिनवाले गेले. मग एक ट्रम्पेट. मी फिरताना हलका वाटायला लागलो. लोकांच्या घरी टीव्ही आले होते. तरण्या पोरांना गिटारी हव्या होत्या, नाचताना एकमेकांना धरायचं त्यांनी सोडलं होतं. आठवड्यातल्या इतर दिवशी खाली जमीनच जास्त दिसायची. तरी शनिवार टिकून होता. ज्या जोडप्यांची लग्नं याच जमिनीवर ठरली होती ती यायची. त्यांतली एडना शॅकल्टन आणि तिचा नवरा फ्रँक दर शनिवारी अगदी माझ्यासमोर नाचायची. एडना गिरणीत कापडातल्या गाठी शोधून काढायचं काम करायची. तिच्या बोटांना गाठ कळायची तशी तिच्या कानांना चूकही कळते, असं सेसिल मानायचा. पोरीपणी फ्रँकने तिला पहिल्यांदा नाचायला विचारलं तेव्हा सेसिलच वाजवत होता. त्यांच्या लग्नातही त्यानेच वाजवलं.

मग मालकांनी नवा व्यवस्थापक पाठवला, मिस्टर गॉन्ट. तरुण, हसतमुख, सदा तोंडात पेपरमिंट. राक्षस वगैरे नव्हता. राक्षस असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. त्याने पहिल्याच महिन्यात मागच्या बाजूचा लेन पीटचा छोटा वृंद काढून टाकला आणि तिथे एक कपाटाएवढा ग्रामोफोन आणि दोन भोंगे आणून ठेवले. मग सेसिलला भेटायला माझ्यावर चढून आला.

"मिस्टर ब्रॅमली, मनावर घेऊ नका हं. तुमच्याबद्दल मला आदरच आहे. माझी आई तुमच्याच संगीतावर नाचायची."

"बऱ्या आहेत ना त्या?"

"मजेत. घरी टीव्ही बघत असते." गॉन्टने पेपरमिंट या गालातून त्या गालात सरकवलं. "मालक म्हणतात, रेकॉर्ड आहे तर वृंद कशाला? मी म्हटलं, असं तोडून टाकू नका, लोकांनाच विचारू. शनिवारी तुम्ही नेहमीसारखे वाजवा. मंच फिरेल, तुम्ही मागे जाल, रेकॉर्ड तीच धून पुढे घेईल. लोक थांबले, ओरडले, कुणी एकाने जरी विचारलं की ब्रॅमली कुठे गेला, तर तुम्ही राहिलात. मी मालकांना तसं सांगेन, शब्द देतो."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर काय, तुम्हीच सांगा." तो खरोखरच उत्तराची वाट बघत उभा राहिला.

सेसिल म्हणाला, "विचारतील."

गॉन्ट गेल्यावर मागच्या बाजूला, किटलीभोवती, सगळे जमले.

विली मांडी थोपटत म्हणाला, "सोपं आहे. मंच निम्मा फिरला की मी असा भसाडा सूर लावतो की चॅपलच्या आवारातले मेलेले उठून बसतील. सगळे दचकून वर बघतील. गॉन्ट हरला. चला पबात."

"नाही," सेसिल म्हणाला.

"नाही काय, नाही?"

"एवढ्या गर्दीत कुणाचा पाय मुरगळला तर?"

"पाय मुरगळला तर! आमची पोटं मुरगळतायत ती दिसत नाहीत तुला? मला या वयात गिरणीत गाठोडी उचलायला पाठवतोस?"

मेव्हिस बशीतला चहा फुंकत होती. ती म्हणाली, "बरं, त्याला नको वाजवू देऊस. मला माइकवर एक वाक्य बोलू दे. 'मंडळी, आम्ही निघालो.' एवढंच."

"तसं मागून मिळालेल्या टाळ्या मला नकोत, मेव्हिस. ही माणसं इतकी वर्षं आपल्या संगीतावर नाचली आहेत. जिवंत माणसाचा श्वास आणि यंत्राची घरघर यातला फरक त्यांना कळणार नाही होय? एडनाला कळणार नाही?"

मग विली बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज विनोदाचा नव्हता.

"सेसिल, त्यांना कळू नये म्हणूनच तर तू जन्मभर राबलास. दर शनिवारी तू त्यांना एकच धडा दिलास, की वाजवणारा बदलला तरी तुमचं काही अडत नाही. शिकली ती. पक्की शिकली. आता परीक्षेला बसवून म्हणतोस, विसरा?"

सेसिलने कोट चढवला आणि निघून गेला.

शनिवारी दुपारी तो एकटाच परत आला. ग्रामोफोन लावला, पियानोवर एक सूर दाबला, पुन्हा दाबला. रेकॉर्डची पट्टी केसभर चढी होती. त्याने ग्रामोफोनच्या वेगाचा स्क्रू शोधला आणि कान लावून एवढासा, अजून एवढासा पिळत राहिला. शेवटी यंत्र आणि पियानो असे जुळले की मला माझ्या लाकडात दोघांची थरथर वेगळी लागेना. तेवढ्यात विली ट्रॉम्बोन घेऊन आला आणि दारातच थबकला.

"हे काय करतोयस?"

"चढी होती."

"अरे, फासाच्या दोराला मेण लावतोयस तू!"

"बेसूर रेकॉर्ड ऐकून लोक थांबले तर ते बेसुराला थांबले, विली. आपल्यासाठी नाही थांबले. मला आपल्यासाठी थांबायला हवेत."

विलीने ट्रॉम्बोन खाली ठेवला आणि मित्राकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यातल्या खाटेकडे पाहतात.

त्या संध्याकाळी गर्दी झाली. गॉन्ट बाल्कनीत उभा होता. वृंद असा वाजवत होता की मी माझ्या आयुष्यात तसं ऐकलेलं नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं की वाजवून दाखवायचं आहे. भाकरीसाठी वाजवत होते ते, आणि भाकरीसाठी वाजवलेलं संगीत खोटं असतं असं म्हणणाऱ्या सुखवस्तू लोकांच्या मी तोंडाला लागत नाही. मेव्हिसचा आवाज मध्ये एकदा फाटला, तोही सुंदर फाटला.

मग ठरलेली धून आली. संथ चालीचा नाच, दिवे मंद, जोडपी जवळ. कळ ओढली गेली. माझी चाकं वळायला लागली.

सेसिल छडी हलवत होता, पण आज त्याचं तोंड वृंदाकडे नव्हतं. तो खाली बघत होता. एडना आणि फ्रँक सरकत सरकत अगदी माझ्या कडेला आली होती. हात लांब केला असता तर सेसिलचं बोट तिच्या खांद्याला लागलं असतं. भिंतीमागून रेकॉर्ड सुरू झाली. बरोबर ठेक्यावर. पट्टी तंतोतंत. आम्ही आडवे आलो. एका बाजूला घामाने निथळणारी माणसं, दुसऱ्या बाजूला कपाट. विलीचे गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि सूर शुद्ध होता. बेसूर व्हायची त्याची हिंमत झाली नाही. मित्राच्या शब्दाबाहेर तो कधी गेलाच नव्हता.

सेसिलचे ओठ हलले. "एडना," तो पुटपुटला. त्याच्याच वृंदाच्या आवाजात ते बुडालं.

एडनाने फ्रँकच्या छातीवर डोकं टेकलं होतं. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख की त्यात कुणाला दोष देता येऊ नये. तिच्यामागे आणखी जोडपी, सगळी तशीच, सगळ्यांचे पाय एकदम खाली टेकणारे. एकाही माणसाने मान वर केली नाही.

मी पूर्ण वळलो. सेसिलसमोर विटांची भिंत आली.

आता थांबायला हरकत नव्हती. पण तो थांबला नाही. छडी चालूच राहिली, आणि वादकही वाजवत राहिले, विटांसाठी, किटलीसाठी, आवाज अगदी खाली उतरवून, पुढच्या बाजूच्या रेकॉर्डला धक्का लागू नये एवढ्या खाली. धून संपली तेव्हा पुढून टाळ्या आल्या. नाच संपला की वाजवणाऱ्यांकडे तोंड करून टाळ्या वाजवायच्या ही तिथली रीत. लोक वळले आणि एकमेकांच्याच डोळ्यांत बघत कपाटाला टाळ्या वाजवल्या. मग पुढचं गाणं लागलं आणि पुन्हा नाचू लागले.

"चहा घ्या कुणी," मेव्हिस म्हणाली. कुणी घेतला नाही.

शेवटचा नाच होऊन लोक कोट घ्यायला गेले, तेव्हा एडना मागच्या दाराशी आली. अधूनमधून ती असं यायची, दोन गोड शब्द बोलायची. बूट कागदी पिशवीत, गाल लालबुंद.

"सेसिल, तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घरी जाववेना. आज काय वाजवलंत हो! आणि उत्तरार्ध तर विचारूच नका. एकही पाय चुकला नाही. फ्रँक म्हणाला, सेसिल म्हातारा होतोय की तरुण?"

विली उठायला लागला. सेसिलने त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"आवडलं ना तुम्हाला?" त्याने विचारलं.

"बाई गं, आवडलं म्हणजे काय! पुढच्या शनिवारी असंच हं."

"शुभरात्री, एडना."

ती गेली. जिन्यावरून ती तीच धून गुणगुणत जात असल्याचा आवाज येत होता. सेसिलने स्वरलिपीचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि खुर्चीवर ठेवून दिले. नेले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे काही नाही. विलीने गाठोडी उचलली आणि त्याची पाठ वर्षभरात मोडली. मेव्हिस मोजे विकत राहिली. सेसिल गालिच्यांच्या गिरणीच्या फाटकात पहारेकरी झाला. ट्रम्पेटला त्याने पुन्हा तोंड लावलं नाही असं म्हणतात. मी बघितलेलं नाही, मी इथून हलू शकत नाही. सेसिल वारला तेव्हा एल्डोराडोत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. रेकॉर्डवर नाचणारेही पुढे पांगले. कपाट भंगारात गेलं. गॉन्टलाही एक दिवस काढून टाकलं, हसतच गेला असेल. मग बोल्ट आले, चेंडू आले.

अलीकडे काही शहाणी माणसं येऊन गेली. इमारत पाडणार आहेत म्हणे, पण मला जपून ठेवायचं त्यांच्या मनात आहे. एका बाईंनी पोटाखाली शिरून माझ्या चाकांचे फोटो काढले आणि किती सुंदर कारागिरी म्हणून हळहळल्या. चाकं कुणी घडवली ते विचारलं. माझ्यावर कोण वाजवायचं ते नाही विचारलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे मागणं मागतो. आम्हाला तेल घाला, पुसून ठेवा, फेकू नका. मला ते नको. मला भंगारात घाला, माझी चाकं वितळवा, कुणाचं काही बिघडत नाही. मागणं माणसांसाठी आहे. तुमच्या सुखासाठी कुणीतरी घाम गाळत असतं आणि तो घाम तुम्हाला दिसू नये म्हणून दुप्पट गाळत असतं. कधी सगळं फार सुरळीत चाललं आहे असं वाटलं, तर डोळे उघडा आणि बघा, समोर अजून माणूस आहे का. असला तर त्याला नावाने हाक मारा, तो मागे वळायच्या आत.

मागतो आहे, पण तुम्ही तसं कराल असं मला वाटत नाही. एडना वाईट बाई नव्हती.